पैनगंगेपलीकडचा डोंगर

यवतमाळहून आर्णीमार्गे नांदेडच्या रस्त्याला लागलं, की धनोड्याच्या आसपास डाव्या अंगाला एक निळसर रांग दिसू लागते. आधी ती ढगाच्या कडेसारखी वाटते. गाडी पुढे सरकते तसे तिचे माथे वेगवेगळे होतात, आणि एसटीतलं कुणीतरी म्हणतं, "माहूर आलं." कित्येकांचे हात आपोआप जोडले जातात. आपल्याकडचे लोक खिडकीतून पाहतात, "माशाअल्लाह, काय हिरवंगार झालंय" असं म्हणतात आणि उमरखेड-नांदेडला निघून जातात. तिथे कुणाचं लग्न असतं, कुणाचा दवाखाना असतो.

आमच्या अम्मींना मात्र हा डोंगर वाटेवरचा कधीच नव्हता. त्यांचं माहेर पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, महागाव तालुक्यात. घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की शेत, शेतापुढे नदीकाठची झाडी, आणि तिच्यावर माहूरचा डोंगर. अम्मींनी अंगणात पाणी भरलं ते त्या डोंगराकडे पाहत, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन झोपवलं ते त्याच्याकडे तोंड करून. माथ्यावर ढग उतरून बसला की अम्मींच्या वालिदा वाळवण आत घ्यायला सांगत. रात्री शिखरावर दिवा लुकलुकायचा. धाकट्यांना तो तारा वाटायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची.

नदी तीच, पण अम्मींच्या वालिदांच्या काळी ती दोन राज्यांच्या मधून वाहत होती. अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचं हैदराबाद. पलीकडच्या मुलखाला आपल्या भागात 'मोगलाई' म्हणत. आजही जुनी माणसं तसंच म्हणतात. नानी मोगलाईतून लग्न होऊन इकडे आल्या होत्या. त्यांचे भाऊ निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले, आणि नाना इकडच्या शाळेत मराठीतून. घरात पत्र आलं की आधी लिपी पाहायची आणि मग ते कुणाकडे वाचायला द्यायचं ते ठरायचं. १९४८ साली हैदराबाद भारतात विलीन झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादमधून काढून नांदेड जिल्ह्याला जोडला गेला, आणि त्याबरोबर माहूरही आलं. सरहद्द गेली, पण 'ते तिकडचं' ही भावना नदीच्या पाण्यासारखी मध्ये वाहत राहिली. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्याचं मूळ शोधायला गेलं तर ते बहुधा त्याच नदीच्या दोन काठांवर सापडेल.

अम्मी त्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकदाच गेल्या होत्या. सात-आठ वर्षांच्या असताना, बैलगाडीतून नदी उतरून, सोनापीर बाबांच्या उर्सला. त्यातलं त्यांना आठवतं ते एवढंच, की गाडीत पाणी शिरू नये म्हणून वालिदांनी सगळी बिछायत डोक्यावर धरली होती. लग्नानंतर त्या यवतमाळला आल्या. मग पुढची पन्नास वर्षं आपल्याकडच्या बायकांचा जो प्रवास असतो तोच त्यांचा. माहेर, लग्नं, बाळंतपणं, मय्यत आणि दवाखाना. पाहण्यासाठी म्हणून कुठे जाणं हे पुरुषांचं किंवा पैसेवाल्यांचं काम.

मागच्या उन्हाळ्यात अम्मी दाराच्या चौकटीला दोनदा धडकल्या. बाजूने आलेली सायकल त्यांना दिसली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. मोतीबिंदूत ऑपरेशन केलं की दिसू लागतं, काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू सुकत जाते. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं बराच काळ शाबूत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून किंवा शस्त्रक्रियेने दाब कमी करायचा आणि उरलेली जपायची, एवढंच हातात असतं. हा आजार घराण्यातून येतो, म्हणून आम्हा सगळ्यांचेही डोळे तपासून घ्यायला सांगितलं. वाचक भगिनींनाही आमची विनंती आहे, चाळिशी ओलांडली असेल तर चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्यांचा दाबही मोजून घ्या. दोन मिनिटांचं काम असतं.

दवाखान्यातून परतताना अम्मी गप्प होत्या. दोन दिवसांनी असरची नमाज झाल्यावर त्या म्हणाल्या, "बेटा, मला एकदा माहूरचा डोंगर दाखवा. जवळून. डोळे आहेत तोवर."

उमरा नाही, अजमेर नाही, बहिणीचं घरही नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यभर मागच्या दारातून पाहिलेला एक डोंगर मागितला होता.

घरात यावर चर्चा झाली. भाईजान आमच्यापेक्षा मोठे, व्यवहारी माणूस. कापसाच्या धंद्यामुळे चार गावांत त्यांची ऊठबस. ते म्हणाले, "सोनापीर बाबांची जियारत करून या, एवढं बस. वर कशाला? ते त्यांच्या देवीचं ठिकाण. आजकालचा माहोल तुम्हाला माहीत आहे. कुणी काही बोललं तर अम्मींच्या मनाला लागेल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोबाइलवर रोज काय काय येतं ते आम्हीही पाहतो. बुरख्यातली म्हातारी आणि स्कार्फ बांधलेली लेक घेऊन गर्दीच्या तीर्थक्षेत्री जायचं म्हटलं की पोटात थोडं हलतं. हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही. बहुतेक वाचकांनी ते कधी ना कधी अनुभवलं असेल.

माहूर हे हिंदू बांधवांच्या दृष्टीने फार मोठं ठिकाण आहे. महाराष्ट्रातल्या देवीच्या साडेतीन पीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठं, आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. एका शिखरावर रेणुकामाता, एकावर दत्त, एकावर अनसूया. पण त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर सोनापीर बाबांची दर्गाह आहे, आणि त्याच तालुक्यात वझरा इथे शेख फरीद यांचं ठिकाण आणि त्याच्याजवळचा धबधबा. पावसाळ्यात तो धबधबा पाहायला येणारा कोण कुठल्या धर्माचा, हे पाणी विचारत नाही. भाईजानना आम्ही एवढंच म्हणालो, की देवळात आपल्याला जायचं नाही आणि कुणाच्या उपासनेत अडथळा आणायचा नाही. पण डोंगर, जंगल, नदी आणि पडका किल्ला पाहायला अम्मींना कुणाची परवानगी लागू नये.

त्याच आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंग्लंडहून फोटो आले. मँचेस्टरला नोकरी करणारा भाचा सुट्टीच्या दिवशी जवळच्या एका डोंगरावर जाऊन आला होता. हिरवी कुरणं, दगडी बांध, मेंढ्या. ग्रुपवर 'सुभानअल्लाह'चा पाऊस पडला. डोंगराचं नाव किंडर स्काउट. आम्ही त्याच्याविषयी वाचलं तेव्हा कळलं, की तो डोंगर एकेकाळी सामान्य माणसाला बंद होता. जमीनदारांनी तो शिकारीसाठी राखून ठेवलेला, राखणदार लोकांना हुसकून लावत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफिल्डकडचे काही शे कामगार ठरवून त्या डोंगरावर चालत गेले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच तरुणांना तुरुंगात जावं लागलं. पण लोकांच्या मनात विचार रुजला. १९४९ साली तिथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये तोच डोंगराळ प्रदेश देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला. आज आपल्या यवतमाळचा मुलगा तिथे मोकळेपणाने उभा राहून फोटो काढतो, तो त्यांच्यामुळे.

आमच्या डोंगराला असं कुंपण कुणी घातलेलं नाही. पायथ्यापासून वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. कुंपण आहे ते मनातलं, आणि ते थोडं दुसऱ्यांनी, थोडं आपण घातलेलं. हे भाईजाननी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी माझीच न्या. मीही येतो."

नवरात्राची गर्दी ओसरल्यावर, ऑक्टोबरात, एका मंगळवारी निघालो. आम्ही दोघे, अम्मी, भाईजान, आणि आमची लेक व मुलगा. डबा भरताना अम्मींनी स्वतः लक्ष घातलं. चपात्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी आणि दही. मुलाने अंड्याची फर्माईश केली तर म्हणाल्या, "आज नाही. ज्याच्या दारात जायचं, त्याचा अदब ठेवायचा." आर्णीत बाबा कंबलपोश यांच्या गावातून जाताना त्यांनी ओढणी सावरून फातिहा पढली. धनोड्याहून वळलो आणि पैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा त्यांनी गाडी थोडी थांबवायला सांगितली. नदी भरून वाहत होती, पाणी अजून गढूळ होतं. बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी इथे माहूरच्या डोंगराला वळसा घालत जाते. अम्मी काचेतून पाहत म्हणाल्या, "बिछायत ओली झालीच होती त्या दिवशी."

माहूर गावातून वर जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे. दोन्ही बाजूंना साग, मध्येच धावडा, पळस, मोह आणि खडकाच्या फटीफटीत सीताफळाची झाडं. ऑक्टोबर हा सीताफळाचा महिना. वळणावळणावर टोपल्या घेऊन बायका बसलेल्या. गावातल्या दुकानांतून तांबूल कुटण्याचा आवाज येत होता. विड्याची पानं, सुपारी आणि मसाला एकत्र कुटून केलेला इथला तांबूल प्रसिद्ध आहे. देवीला त्याचा नैवेद्य असतो. अम्मींना पानाचा शौक, त्यामुळे तो वास आला तेव्हा त्यांनी मान वळवून विचारलंच, "हे काय कुटतात?"

मुलाने गाडीतून विचारलं, की चित्रात डोंगर टोकदार असतात, मग इथले सपाट का? आमच्या वर्गातही दरवर्षी हेच होतं. चित्रकलेच्या वहीत दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य. यवतमाळ-पुसद भागातल्या मुलाने तसा डोंगर कधी पाहिलेला नसतो, तरी तो तसाच काढतो, कारण पुस्तकातला डोंगर तसा असतो. आपले डोंगर लाव्हाचे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचले. पुढे पाण्याने मऊ थर लवकर झिजले आणि कठीण थर उरले. म्हणून आपले डोंगर माथ्यावर मेजासारखे सपाट आणि बाजूने पायऱ्यापायऱ्यांचे. काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, काळी माती म्हणजे त्याच दगडाचा चुरा, आणि भाईजानचा कापूस त्याच मातीतला. हे ऐकून भाईजान म्हणाले, "म्हणजे आपली रोजी-रोटी पण या डोंगरानेच दिलेली."

वर पोहोचल्यावर मुलं आणि भाईजान किल्ल्याकडे गेले. रामगड नावाचा हा किल्ला आज बराच ढासळलेला आहे, पण हत्ती दरवाजा आणि तटाचे लांबच लांब तुकडे पाहिले की त्याचा आवाका कळतो. आम्ही अम्मींना घेऊन एका वळणावर कठड्याशी बसलो. तिथून दरी आणि नदीचा पट्टा दिसत होता.

या किल्ल्याची गोष्ट मुलांना आम्ही आदल्या रात्रीच सांगितली होती, आणि ती आपल्या घरांत सांगितली जावी असं वाटतं. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशाह वली याने माहूर जिंकून घेतलं. पुढे वजीर महमूद गावान याने मोठ्या प्रांतांचे भाग पाडले, तेव्हा वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. गाविल फत्तहुल्लाह इमाद-उल-मुल्ककडे गेला आणि माहूर खुदावंदखान हबशीकडे. हबशी म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेल्या वंशाचा माणूस आपल्या पैनगंगेकाठी राज्यकारभार करत होता, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. अकबराच्या काळात माहूर हा वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग होता. १६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शाहजहान, बापाविरुद्ध बंड फसल्यावर याच वाटेने गोवळकोंड्याकडे गेला आणि जाताना हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाजीराम या सरदाराच्या स्वाधीन करून गेला. ताजमहालाच्या फोटोखाली ज्याचं नाव आपण वाचतो, तो माणूस हरलेल्या अवस्थेत याच डोंगराखाली थांबला होता.

आणि लेकीला सगळ्यात आवडली ती गोष्ट त्याच उदाजीरामाच्या घरातली. त्याच्या मुलाच्या मृत्यूनंतर सूनबाई सावित्रीबाईंनी माहूरची जहागीर सांभाळली, स्वतः फौज चालवली, आणि औरंगजेबाने तिला 'रायबागन' म्हणजे राजवाघीण असा किताब दिला. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची कोंडी केली तेव्हा ती त्या फौजेत होती. आता लढण्यात शहाणपणा नाही, शरण जावं, हा सल्ला तिनेच खानाला दिला असं सांगितलं जातं. मोगलांची बाजू, माहूरची हिंदू सरदार स्त्री, समोर मराठ्यांचा राजा. इतिहास हा आपल्या फोनवरच्या मेसेजांइतका सरळ दोन रंगांचा नसतो, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही.

अम्मी कठड्यावर हात ठेवून बसल्या होत्या. कडेचं दिसत नसल्यामुळे त्यांना सगळी दरी एकदम नजरेत घेता येत नव्हती. त्या मान थोडी डावीकडे नेत, थांबत, मग थोडी उजवीकडे. दळण निवडताना सूप फिरवतात तशी त्यांची मान सावकाश फिरत होती आणि एकेक तुकडा गोळा होत होता. "ती नदी. ते शेत पिवळं दिसतंय, सोयाबीन काढलेलं असेल. तो रस्ता." मग बोट उचलून म्हणाल्या, "आणि तिकडे, त्या झाडीच्या मागे, आमचं मागचं दार." तिथे खरोखर काय दिसत होतं ते आम्ही विचारलं नाही. साठ वर्षं त्या दारातून त्यांनी हा डोंगर पाहिला होता. आज डोंगरावरून त्या दाराकडे पाहत होत्या.

शेजारी सीताफळं घेऊन एक बंजारा आजी बसल्या होत्या. त्यांनी अम्मींच्या गुडघ्यांकडे पाहून विचारलं, "लई दुखतात का?" आणि दोघींची गाडी गुडघ्यांवरून सुनांवर, सुनांवरून पावसावर गेली. तेवढ्यात दोन तरुण मोटारसायकल लावून आले. त्यातल्या एकाने आम्हाला न्याहाळलं आणि अम्मींना विचारलं, "तुम्ही इकडे कशा काय?" प्रश्न साधा होता, आवाज तितका साधा नव्हता. आम्ही काही बोलण्याआधी अम्मी त्यांच्या महागावच्या बोलीत म्हणाल्या, "बाबू, माह्यं माहेर नदीच्या पल्ल्याड हाये. लहानपणापासून हा डोंगर पाह्यला. आता डोळे जाऊन राह्यले, म्हटलं एकदा जवळून भेटून यावं." मुलगा थोडा वेळ उभा राहिला. "बरं आजी," म्हणाला आणि गेला. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते आम्हाला ठरवता आलं नाही. बंजारा आजींनी मात्र अम्मींच्या हातात एक पिकलेलं सीताफळ ठेवलं आणि पैसे घ्यायला नकार दिला.

भाईजान परतले ते एका ओळखीच्या माणसाबरोबर हसत. माहूरकडचे शेतकरी, दरवर्षी त्यांच्याकडे कापूस घालणारे. देवीच्या दर्शनाला आले होते. त्यांनी अम्मींना वाकून नमस्कार केला, "आमच्या गावावरून जाता आणि घरी येत नाही?" म्हणून रागावले आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. आम्ही यातून काही मोठा निष्कर्ष काढत नाही. एका चहाने माहोल बदलत नाही, आणि एका प्रश्नाने बिघडतही नाही. पण घरात बसून फोनवर जो माहोल दिसतो त्यात हे शेतकरी, ती आजी आणि तो 'बरं' म्हणणारा मुलगा यांतलं कुणीच नसतं. तिथे गेल्याशिवाय ते भेटत नाहीत.

उतरताना सोनापीर बाबांच्या दर्गाहवर सलाम करून जोहरची नमाज अदा केली. आमची लेक दादीच्या हाताला धरून चालत होती. मदिनेजवळच्या उहुद पर्वतावर प्रेषितांची (स.) माया होती आणि पर्वताचीही माणसांवर माया असते अशा अर्थाचे त्यांचे उद्गार हदीसमध्ये आले आहेत, हे तिने मदरशात ऐकलेलं. ती म्हणाली, "दादी, मग हा डोंगर पण तुम्हाला ओळखत असेल." अम्मी म्हणाल्या, "तो मला ओळखतो की नाही ते अल्लाह जाणे. मी त्याला ओळखते."

आपल्या शाळांच्या सहली हैदराबादला जातात, खुलताबाद-वेरूळला जातात. जाव्यातच. पण दोन तासांवरचा डोंगर, नदी, जंगल आणि जुना किल्ला यांच्यासाठी एक दिवस काढायला फार खर्च लागत नाही. माहूर नसेल तर तुमच्या जवळचा दुसरा कुठला असेल. उमरखेडकडच्यांना सहस्रकुंड जवळ, वर्ध्याच्या बाजूला असणाऱ्यांना गिरडची टेकडी. तीर्थाच्या ठिकाणी जायचं तर सणाचे दिवस, पौर्णिमा आणि रविवार टाळावेत, म्हणजे त्यांच्या गर्दीला आपला त्रास नाही आणि आपल्या म्हाताऱ्यांना गर्दीचा नाही. पाणी सोबत असावं, प्लास्टिक परत आणावं. उन्हाळ्यात या काळ्या दगडावर बसवत नाही. पावसाळ्याची अखेर ते थंडी हा काळ चांगला. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्या बायकांना न्यावं. त्यांना विचारावं, की तुम्हाला काय पाहायचं आहे. उत्तर यायला वेळ लागेल, कारण हा प्रश्न त्यांना फारसा कुणी विचारलेला नसतो.

अम्मींच्या डोळ्यांत सध्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी थेंब घालतो. दाब आटोक्यात आहे, अल्हम्दुलिल्लाह. मागच्या तपासणीत नजर आणखी गेलेली नाही असं डॉक्टर म्हणाले. पुढे काय होईल ते अल्लाहच्या हाती. त्यांनी आता दुसरी फर्माईश केली आहे. पावसाळ्यात वझऱ्याचा धबधबा. भाईजाननी गाडीची सर्व्हिसिंग करून ठेवली आहे.